‘मोलचे’ की ‘मोलाचे’? आणि ‘प्रमाण’ नेमकं कशाचं? (तीन गावांच्या तिघांचा संवाद)

गुहागर : अकरावीचं रसायनशास्त्र इंग्रजीत असलं तरी आमच्याकडे समजावून सांगणं मराठीतच चालतं. मुलं ‘दोन मोलांचं वस्तुमान’ म्हणतात, काही शिक्षक ‘दोन मोलचं’ म्हणतात. बरोबर काय? आणि स्टॉइकिओमेट्रीला, म्हणजे अभिक्रियेत कोणता पदार्थ किती लागतो आणि किती तयार होतो ते काढण्याला, मराठीत काय म्हणावं?

वेंगुर्ले : मी ‘मोलचं’च्या बाजूने आहे. ‘घामाचं मोल’ यातला मोल ‘मूल्य’वरून आलेला, म्हणून त्याचं मोलाचा, मोलाने असं होतं. रसायनातला मोल जर्मनमधून आला. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी तो १८९०च्या दशकात रूढ केला. दोघांचं नातं काही नाही. बाहेरून आलेली एककं आपण ग्रॅमचं, लिटरचं, मीटरचं अशीच चालवतो. मणाचं, शेराचं ही जुनी वळणं वेगळी. शिवाय ‘मोलाचं द्रावण’ म्हटलं की ते मौल्यवान वाटतं!

अर्थाबद्दलही एक सांगते. मोल हे वजन नव्हे, ती कणांची मोजणी आहे. आपल्याकडे शेकडा नारळ आणि शेकडा सुपाऱ्या म्हटलं की नग सारखेच, वजन मात्र कुठल्या कुठे. तसंच एक मोल पाणी १८ ग्रॅम आणि एक मोल मीठ साडेअठ्ठावन्न ग्रॅम. एक मोलमध्ये किती कण, हा आकडा २० मे २०१९पासून व्याख्येनेच पक्का केलेला आहे : ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात.

रेवदंडा : ताई, पटलं. स्टॉइकिओमेट्री हा शब्द जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिश्टर यांनी १७९२मध्ये वापरला; ग्रीकमध्ये मूलद्रव्य आणि मोजमाप असे त्याचे दोन भाग. मराठीत नवा जड शब्द घडवण्यापेक्षा मी ‘अभिक्रियेतला हिशोब’ म्हणेन. माझी खरी तक्रार ‘प्रमाण’ या शब्दाबद्दल आहे. मिठाचं प्रमाण म्हणजे किती मीठ, दोनास एक प्रमाण म्हणजे गुणोत्तर, आणि प्रमाणवेळ तर तिसरीच. गणित इथेच फसतं.

किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करतात, तेच घ्या. शिंपला म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. समीकरणात तिन्हींचं प्रमाण एकास एकास एक. ते वाचून विद्यार्थी शंभर किलो शिंपल्यांतून शंभर किलो चुना काढतो. प्रत्यक्षात शुद्ध कार्बोनेट धरलं तरी मिळतो ५६ किलो, उरलेले ४४ किलो वायू. त्या ५६ किलोवर १८ किलो पाणी लागून विरलेला चुना ७४ किलो होतो. म्हणजे समीकरणातले आकडे मोलचे, तराजूवरचे किलोचे. म्हणून नुसतं ‘प्रमाण’ कधीही लिहू नये. ‘मोल-प्रमाण’ किंवा ‘वस्तुमानाचं प्रमाण’ असं पूर्ण लिहावं.

गुहागर : हे वर्गात उद्याच सांगतो, सर. मग मोलॅरिटी आणि मोलॅलिटी? ऐकताना दोन्ही एकच वाटतात.

वेंगुर्ले : त्यांना मराठी करायच्या भरीस पडू नका. तोंडी सांगताना मोलॅरिटीला ‘लिटरभर द्रावणात किती मोल’ आणि मोलॅलिटीला ‘किलोभर द्रावकात किती मोल’ असं म्हणा. द्रावण (विरघळून झालेलं मिश्रण) आणि द्रावक (ज्यात विरघळवतो तो पदार्थ) यांतला फरक मात्र फळ्यावर लिहूनच दाखवा.