भाषणभीती: सीबीटीच्या सत्रांत संमोहन नेमकं कुठे बसवायचं?

मनोमापक (प्रश्न)

सभेत किंवा ऑफिसच्या बैठकीत बोलायची भीती असलेल्या प्रौढांसाठी १२ सत्रांचा, प्रत्येकी ५० मिनिटांचा सीबीटीचा (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराचा) आराखडा आहे. पहिली ३ सत्रं मूल्यमापन आणि विचारनोंद (प्रसंगी मनात येणारे विचार लिहून काढणं), पुढची ६ भीतीच्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं, शेवटची ३ उजळणी. यात संमोहन घालायचं तर कितव्या सत्रापासून? संमोहनात द्यायच्या सूचना कुठून आणायच्या? आणि प्रत्यक्ष बोलण्याच्या ऐन आधी संमोहन दिलं तर फायदा की तोटा? शेवटच्या मुद्द्यावर उलटसुलट वाचायला मिळतं. मराठीत फिरणाऱ्या संहिता बहुतेक भाषांतरित आहेत, "तुम्ही एका शांत समुद्रकिनाऱ्यावर आहात" छापाच्या. त्यांचा इथे काय उपयोग, कळत नाही.

सावकाश

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं.

सामोरं जाण्याचा गुण येतो तो भाकीत खोटं ठरल्यामुळे. "जीभ अडखळेल आणि समोरचे हसतील" असं मनात धरून माणूस उभा राहतो. जीभ खरंच अडखळते, पण कुणी हसत नाही. हा धक्का म्हणजेच उपचार. ऐन आधी १५ मिनिटं "तुम्ही अगदी शांत आहात, काहीही वाईट होणार नाही" असं बिंबवलं, तर खोटं ठरायला भाकीतच उरत नाही. वर श्रेय भलतीकडे जातं: "आज निभावलं, कारण आधी संमोहन झालं होतं." मग पुढच्या वेळी त्याशिवाय पाय उचलत नाही. पाण्याची बाटली घट्ट धरणं, कागदातून मान वर न काढणं, अशा सुरक्षेच्या सवयींत आणखी एकीची भर पडते.

त्यामुळे दोन पथ्यं. संमोहन प्रत्यक्ष बोलण्याच्या निदान एक दिवस आधी. आणि सूचना शांत होण्याची नको, भीती असताना टिकून राहण्याची हवी. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस त्या पद्धतीत संमोहन वापरायचे, तेव्हा त्यांचा भर "चिंतेबद्दलची चिंता" सोडण्यावर असे. रोख तोच आहे.

सुरुवात चौथ्या सत्रात करा. त्याआधी विचारनोंद भरलेली नसते, आणि सूचनांचा कच्चा माल तिथूनच येतो. ५० पैकी १८ मिनिटं पुरतात: डोळे मिटून श्वासावर लक्ष ४, दहापासून उलट मोजत पायऱ्या उतरणं ३, प्रसंगाची तालीम ७, संमोहनोत्तर (म्हणजे नंतर, प्रत्यक्ष प्रसंगी लागू पडायची) सूचना २, परत आणणं २. परत आणताना एक ते पाच मोजा, आणि हातापायांचा जडपणा गेलाय याची खात्री होईपर्यंत खुर्चीतून उठू देऊ नका.

खरं काम तालमीच्या ७ मिनिटांत आहे. भीतीच्या शंभराच्या मोजपट्टीवर ४०-५० वर असलेला प्रसंग निवडा. नाव पुकारलं जातं, खुर्ची मागे सरकते, माईक खरखरतो, पहिलं वाक्य. दर दीड-दोन मिनिटांनी आकडा विचारा. संमोहनात उत्तर देता येतं, फक्त जरा सावकाश येतं. आकडा ६०-६५ वर गेला की पळ काढायचा नाही, त्याच चित्रात थांबायचं. आणि मुद्दाम एक चूक घाला: शब्द आठवत नाही, तीन सेकंद शांतता, कागदाकडे नजर, पुढचं वाक्य. सगळं सुरळीत पार पडणारी तालीम म्हणजे दिवास्वप्न.

एक गोष्ट हमखास चुकते. सामाजिक भीती असलेला माणूस प्रसंग डोळ्यांपुढे आणतो तो बाहेरून, म्हणजे प्रेक्षकांना आपण कसे दिसतोय ते बघत. लालबुंद चेहरा, थरथरणारे हात. हेच चित्र तर भीतीला खतपाणी घालतं, आणि संमोहनात ते आणखी ठळक होतं. दुसऱ्या मिनिटालाच विचारा, "तुम्हाला कोण दिसतंय?" उत्तर "मी" असं आलं तर थांबवा आणि नजर त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांमागे आणा: पहिल्या रांगेत कोण बसलंय, कुणी काय घातलंय.

दुसरी_बाजू

वरचं सगळं मान्य, पण पुरावा किती आहे तेही सांगायला हवं. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ कर्श आणि सहकाऱ्यांनी १८ अभ्यास एकत्र केले. निष्कर्ष असा होता की सीबीटीला संमोहनाची जोड मिळालेली सरासरी व्यक्ती नुसत्या सीबीटीवाल्या ७० टक्क्यांहून अधिक लोकांपेक्षा जास्त सुधारते. आकडा भारदस्त, म्हणून अजूनही जाहिरातींत झळकतो. पण त्यात वजन कमी करण्याच्या अभ्यासांचा वाटा मोठा होता, आणि त्यातल्या चुका दुरुस्त करून फेरगणित केल्यावर तो फायदा बराच आक्रसला. २०२१ च्या नव्या एकत्रित विश्लेषणात ४८ अभ्यास होते. तिथे जोड उपचाराचा फायदा लहान ते मध्यम निघाला. आहे, पण चमत्कार नाही.

भाषणभीतीवर १९९७ चा अभ्यास आहे. त्यात संमोहन गटाचा फरक मुख्यतः एवढाच, की शिथिलीकरणाला संमोहन म्हटलं गेलं आणि पर्यायी विचार सूचनांच्या रूपात दिले गेले. तरीही त्या गटाची प्रगती सरस दिसली. म्हणजे फायद्याचा काही भाग नावातून आणि अपेक्षेतून येतो. मला यात कमीपणा वाटत नाही, पण अशिलाला (उपचार घेणाऱ्याला) "मेंदूचं प्रोग्रामिंग बदलतं" असलं काही सांगू नका.

सामोरं जाण्याच्या ऐन आधी संमोहन देण्याबद्दल थोडा उलट पुरावाही आहे. ब्रायंट यांच्या २००५ च्या अभ्यासात, आघातानंतरच्या तीव्र ताणाच्या ८७ जणांपैकी ज्यांना कल्पनेतल्या सामोरं जाण्याआधी संमोहन दिलं, त्यांच्यात प्रसंग पुन्हा पुन्हा अनुभवण्याची लक्षणं उपचार संपताना जास्त घटली. सहा महिन्यांनी मात्र नुसता सीबीटी जवळपास तिथेच पोचला होता.

मनोमापक

दुरुस्तीबद्दल आभार. एक व्यावहारिक अडचण: काही जण "मला काही झालंच नाही" म्हणतात, काहींना हसू फुटतं. तिथे काय करायचं? आणि सूचनांच्या शब्दांचं एखादं उदाहरण मिळालं तर बरं.

पापणी

हसू फुटतं ते बहुधा गॅदरिंगमधल्या संमोहनाच्या प्रयोगांमुळे. "झोप, गाढ झोप" हे शब्द त्या रंगमंचावरचे, ते टाळा. झोप म्हटलं की माणूस वाट बघत राहतो, शुद्ध जात नाही, आणि मग "झालंच नाही" म्हणतो. आधीच सांगून ठेवा: सगळं ऐकू येणार, सगळं आठवणार, नको वाटलं तर डोळे उघडता येणार.

संमोहनाला कोण किती प्रतिसाद देतं ते मोजणारी १२ बाबींची स्टॅनफर्डची 'सी' चाचणी दवाखान्यात फार वेळ खाते. दोन्ही हात पुढे, एका हातात बादली, तीत नळाचं पाणी पडतंय, एवढी कल्पना पुरे. हात खाली सरकला तर ठीक. दोन सत्रांत काहीच प्रतिसाद नसेल तर संमोहन सोडा आणि तीच तालीम साध्या कल्पनेत करा. आराखड्याचं काही अडत नाही. डोळे मिटल्यावर ज्यांची धडधड उलट वाढते त्यांना डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायला सांगा.

आता शब्द. विचारनोंदीत "माझी फजिती होईल" असं लिहिलेलं असतं. त्यावर सूचना बांधता येत नाही. फजिती म्हणजे दिसायला काय, ते विचारा. "आवाज कापेल, लोक मोबाइल काढतील" इथवर आणा. त्यावर पर्यायी विचार काढा आणि त्यावर विश्वास किती, ते शंभरात विचारा. ६० च्या खाली असेल तर तो सूचनेत घालू नका. मनातल्या मनात "छे" उमटतं आणि सूचना वाया जाते.

चुकलेली सूचना: "तुम्हाला भीती वाटणार नाही." यात ऐकू येतो तो शब्द 'भीती', आणि पहिली धडधड होताच सूचना खोटी पडते.
चालणारी सूचना: "नाव पुकारल्यावर पोटात गोळा येईल. येऊ दे. तो असतानाच पहिलं वाक्य बाहेर पडतं."

मराठी इथे आपल्या बाजूने आहे. "मी भित्रा आहे" हा शिक्का, "मला भीती वाटते" ही येऊन जाणारी गोष्ट. हा बदल विचारनोंदीतच करून घ्या आणि सूचनेत "भीती वाटते" हेच रूप वापरा. अशिलाचे शब्द घासूनपुसून प्रमाण करू नका. तो "हातपाय गळतात" म्हणत असेल तर सूचनेतही हातपाय गळू देत. सत्रात "तुम्ही", घरच्या स्वसंमोहनात "मी", सरमिसळ नको. आणि घरी ऐकायच्या ध्वनिमुद्रणात "बोलतो" की "बोलते" ते तपासा. बाईच्या फोनवर पुल्लिंगी संहिता गेली की पहिल्याच वाक्याला लक्ष उडतं.

दुसरी_बाजू

जोडीला संमोहन कुणाला देऊ नये तेही: सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार), उन्मादाची अवस्था, स्वतःपासून तुटल्यासारखं होण्याचा त्रास. आत्महत्येचे विचार असतील तर संमोहन बाजूला, आधी सुरक्षा आणि मानसोपचारतज्ज्ञ (टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाला लिहून द्या). "ही भीती कुठून आली ते लहानपणी जाऊन बघू" हा मोह टाळा. संमोहनात आठवणी जास्त खऱ्या होत नाहीत, फक्त त्यांबद्दलची खात्री वाढते. पूर्वजन्माबद्दल तर बोलायलाच नको. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी उपचार शोधत असेल तर संमोहनाचं प्रमाणपत्र बघू नका, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारा. दोन दिवसांच्या कार्यशाळेतूनही प्रमाणपत्र मिळतं.

मनोमापक

घरच्यासाठी ध्वनिमुद्रण किती मिनिटांचं, आणि बंद कधी करायचं?

सावकाश

१० ते १२ मिनिटं, दिवसातून एकदा (प्रत्यक्ष बोलायचा दिवस सोडून), बसून. गाडी चालवताना नाही आणि अंथरुणातही नाही, झोप लागते आणि तालीम अर्धी राहते. पाचव्या सत्रापासून नवव्यापर्यंत. दहाव्याला काढून घ्या. उजळणीच्या काळात निदान दोन वेळा अशा बोलायला लावा की आधीच्या आठवड्यात संमोहन अजिबात नसेल. बोलण्याआधी भाकीत आणि त्याची टक्केवारी लिहून घ्यायची, नंतर काय घडलं ते शेजारी. त्या दोन नोंदींत भीतीचा आकडा पुन्हा चढलेला दिसला तर घाबरू नका, बहुतेकांचा थोडा चढतो. पण त्यांनी बोलणंच टाळलं, तर ध्वनिमुद्रण कुबडी झालं होतं असं धरा आणि टप्पे दोन पायऱ्या खालून पुन्हा सुरू करा, या खेपेला संमोहनाशिवाय.