ॲक्सेसमधला संग्रह लिडो आणि ईएडीमध्ये पाठवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

दाखलवही:
संग्रहातल्या ८,४०० वस्तूंच्या नोंदी एका ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) फाइलमध्ये आहेत, अभिलेखागाराची यादी त्याच फाइलमधल्या दुसऱ्या टेबलात. सामायिक पोर्टलला वस्तू लिडोमध्ये (संग्रहालयातल्या वस्तूंच्या नोंदींचा एक्सएमएल साचा) आणि कागदपत्रं ईएडीमध्ये (अभिलेखागाराच्या याद्यांचा एक्सएमएल साचा) हवी आहेत. क्वेरीतून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली फाइल) काढली, एक्सेलमध्ये नीट लावली आणि त्यावरून एक्सएमएल बनवली. काही वस्तू एकमेकींत मिसळल्या, लांब वर्णनं मध्येच तुटली. शिवाय काळाच्या फील्डमध्ये ‘अंदाजे १८५०, १९०२ मध्ये दुरुस्त’ असा मजकूर आहे. हे सगळं थेट करून देणारं एखादं सॉफ्टवेअर आहे का?

तक्ताबंद:
सॉफ्टवेअर शोधण्यात वेळ घालवू नका. कलेक्टिव्हॲक्सेससारखं संग्रह-नोंदणीचं सॉफ्टवेअर घेतलं तरी कोणतं फील्ड कुठे जाणार हे तुम्हालाच ठरवून द्यावं लागतं, आणि खरं काम तेच आहे.

वस्तू मिसळल्या त्या एक्सेलमुळे. सीएसव्ही उघडताना एक्सेल दाखल क्रमांकाला आकडा समजतं आणि शेवटचं शून्य उडवतं. १९६४.१० चा १९६४.१ होतो, आणि १९६४.१ ही दुसरीच वस्तू आधीपासून असते. ३/११ सारख्या क्रमांकाची तर तारीख होते. सेव्ह केल्यावर त्या फाइलमधून मूळ क्रमांक परत मिळत नाही. म्हणून मधून एक्सेल काढूनच टाका. वर्णनं तुटण्याचं कारण वेगळं: क्वेरीत डिस्टिंक्ट, ग्रुप बाय किंवा साधं युनियन (सारख्या ओळी एकत्र करणारे आदेश) असेल तर ॲक्सेस लांब मजकूर २५५ अक्षरांवर कापतं आणि कसलीही सूचना देत नाही. ज्यांची लांबी बरोबर २५५ आहे अशी वर्णनं मोजा, नुकसान किती झालंय ते लगेच दिसेल. गट करायचाच असेल तर फक्त आयडीवर करा आणि वर्णन नंतर जोडा.

एमडीबी-टूल्सने (ॲक्सेसच्या फाइली वाचणारा मोफत प्रोग्रॅम) प्रत्येक टेबल वेगळं काढा आणि पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये भरा. पहिल्या फेरीत सगळे कॉलम मजकूर म्हणूनच ठेवा. मग प्रत्येक वस्तूला एक कायमचा आयडी द्या. दाखल क्रमांक पुढे कधीतरी दुरुस्त होतो, आणि ॲक्सेसचा ऑटोनंबर (आपोआप पडणारा क्रमांक) टेबल नव्याने भरलं की बदलू शकतो. आयडी बदलला की पोर्टलवर तीच वस्तू दोनदा दिसते.

आता तुमची ती तारीख. लिडो घटनांवर चालतं, त्यामुळे त्या एका ओळीतून दोन घटना निघतात: निर्मिती आणि दुरुस्ती. निर्मितीत वाचकाला दिसणारा मजकूर ‘अंदाजे १८५०’ जसाच्या तसा ठेवा. शोधासाठी लवकरात लवकर १८४५ आणि उशिरात उशिरा १८५५ असं वेगळं भरा. ‘अंदाजे’ म्हणजे मागेपुढे पाच वर्षं की दहा, हा नियम एकदाच लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. दुरुस्तीसाठी घटनांच्या टेबलात वेगळी ओळ, वर्ष १९०२. मापांचंही तसंच: ‘२४ x १८ x ६ सेमी’ एका फील्डात राहिलं तर उंची कोणती ते यंत्राला कळत नाही. मापाचा प्रकार, आकडा, एकक असे तीन कॉलम करा.

फडताळ:
अभिलेखागाराच्या बाजूचं सांगतो. तुमच्या यादीत प्रत्येक ओळीला ‘पालक आयडी’, म्हणजे तिच्या वरच्या पातळीच्या नोंदीचा आयडी, असणार. ईएडीत फाँडच्या (एका संस्थेच्या किंवा व्यक्तीच्या सगळ्या कागदपत्रांचा संच) पोटात मालिका, मालिकेच्या पोटात धारिका, अशी उतरंड लागते. त्यासाठी रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे मुळापासून एकेक पातळी खाली उतरत जाणारी क्वेरी, हवी. ती ॲक्सेसमध्ये नाही, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट दोन्हीत आहे. पालकच सापडत नसेल तर त्या ओळीखालची सगळी फांदी गुपचूप गळते, म्हणून टेबलातल्या ओळी आणि क्वेरीतून आलेल्या ओळी मोजून जुळवाच. एखादी ओळ आपल्याच वंशजाला पालक म्हणत असेल तर चक्र तयार होतं आणि ती फांदी मुळापर्यंत पोचतच नाही. तिथेही ही मोजणीच उपयोगी पडते.

क्रमासाठी वेगळा आकड्यांचा कॉलम ठेवा, कारण मजकुरात १० हे २ च्या आधी येतं. एटम या अभिलेखागारांच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएसव्हीने आयात करणार असाल तर पालकाची ओळ मुलाच्या वर असायलाच हवी.

आयएसएडी(जी), म्हणजे अभिलेख-वर्णनाचं आंतरराष्ट्रीय मानक, म्हणतं की वरच्या पातळीवरची माहिती खाली पुन्हा लिहू नका. डेटाबेसमध्ये हे पाळा. पण पोर्टल एकच नोंद सुटी दाखवत असेल तर वाचकाला नुसतं ‘पत्रव्यवहार’ एवढंच दिसतं. म्हणून एक्स्पोर्टच्या व्ह्यूमध्ये (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) वरच्या पातळ्यांची नावं वेगळ्या फील्डात जोडून द्या, मूळ शीर्षकाला हात लावू नका.

दाखलवही:
क्रमांकांचं कळलं, १९६४ च्या नोंदींमध्येच तसे सात सापडले. पोर्टल ओएआय-पीएमएचने (नोंदी सर्व्हरवरून ओढून घ्यायची ठरलेली पद्धत) दर आठवड्याला बदल ओढून घेणार आहे. थेट टेबलांवरून देऊ का?

कापणीयंत्र:
टेबलांवरून नको. जे बाहेर जायचं तेवढेच कॉलम नाव घेऊन व्ह्यूमध्ये लिहा. ‘सगळे कॉलम’ असं लिहिलंत तर उद्या कुणी विम्याची किंमत, देणगीदाराचा पत्ता किंवा कपाट क्रमांक जोडेल आणि तो थेट पोर्टलवर जाईल.

सगळ्यात जास्त चुकतो तो बदलाचा शिक्का, म्हणजे नोंद शेवटची कधी बदलली ती वेळ. कलाकाराच्या नावाचं शुद्धलेखन व्यक्तींच्या टेबलात दुरुस्त केलंत तर वस्तूच्या ओळीची वेळ बदलत नाही, आणि पोर्टल ती नोंद पुन्हा ओढत नाही. जुनं नाव तिथे वर्षानुवर्षं राहतं. वस्तू, व्यक्ती, घटना आणि छायाचित्र या चारही टेबलांतली सर्वांत अलीकडची वेळ व्ह्यूमध्ये काढा, आणि ती यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) द्या. वस्तू मागे घेतलीत तर ओळ पुसू नका. तिला ‘काढली’ अशी खूण करा आणि सर्व्हर हटवलेल्या नोंदी कायम ठेवतो असं जाहीर करा. नाहीतर पोर्टलला ती गेल्याचं कळणारच नाही.

देवनागरी मजकुरासाठी दोन गोष्टी. ॲक्सेसमधूनच एक्स्पोर्ट करत असाल तर ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन कोड पेज ६५००१ (यूटीएफ-८) निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि ‘तऱ्हा’मधला ऱ दोन प्रकारे साठवला जातो: एकच कोड, किंवा र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना सारखाच दिसतो, शोधात मात्र जुळत नाही. सगळा मजकूर एनएफसीमध्ये (युनिकोडचं एकच ठरलेलं रूप) आणा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर कोड पेज बदलून काहीच होत नाही. त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर सगळ्यात आधी चालवा.

लिडोची फाइल कुठल्यातरी एका नोंदीवर अडत असेल तर त्या वर्णनात व्हर्टिकल टॅब (एक अदृश्य नियंत्रण-चिन्ह) शोधा. दुसऱ्या प्रोग्रॅममधून चिकटवलेल्या मजकुरातून तो येतो, एक्सएमएल १.० मध्ये तो चालत नाही, आणि स्क्रीनवर दिसतही नाही.