पुण्यातल्या रोजच्या वापरासाठी हायब्रिड सेडान घेणे परवडते का?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. घरातली जुनी पेट्रोल सेडान विकायला काढली आहे आणि तिच्या जागी होंडा सिटी घेण्याचा विचार चालू आहे. साधी पेट्रोल ऑटोमॅटिक घ्यावी की हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटार असलेली), एवढ्यावरच घोडे अडले आहे, कारण दोन्हींच्या ऑन-रोड किमतींत जवळपास चार लाखांचा फरक निघतो. माझे ऑफिस हिंजवडीला आहे, त्यामुळे वर्षाकाठी दहाएक हजार किलोमीटर चांदणी चौक ते वाकड या पट्ट्यातल्या कोंडीतच जातात; आईवडील सांगलीला असल्यामुळे महामार्गावर आणखी चारेक हजार होतात. एसयूव्ही नको, कारण आईला उंच गाडीत चढणे जमत नाही. सोसायटीत चार्जिंगची सोय होण्याची चिन्हे नाहीत, तेव्हा इलेक्ट्रिकचा विषय तूर्त बंद आहे. गाडी आठ-दहा वर्षे वापरायची आहे. शोरूममध्ये २७ च्या ॲव्हरेजचा आकडा ऐकवला जातो, पण त्यावर विसंबून चार लाख जास्त मोजावेत का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

हिशेबी माणूस

२७ हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे, त्यामुळे तो बाजूला ठेवून आपल्याच वापरावर हिशेब मांडू. कोंडीत पेट्रोल ऑटोमॅटिक ११ आणि हायब्रिड २० देईल असे धरले, तर दहा हजार किलोमीटरला अनुक्रमे ९१० आणि ५०० लिटर पेट्रोल लागेल. महामार्गावर १६ आणि २१ धरले, तर चार हजार किलोमीटरला २५० आणि १९० लिटर लागेल. म्हणजे वर्षाला ४७० लिटरची बचत होते. लिटरला १०४ रुपये दर धरल्यास ती ४९ हजारांच्या घरात जाते. चार लाख वसूल व्हायला आठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. वरचे चार लाख पाच वर्षांच्या कर्जातून उभे करणार असाल, तर नऊ टक्के दराने त्यांचे व्याजच लाखाच्या आसपास जाते आणि पैसे वसूल होण्याची मुदत दहा वर्षांवर पोचते.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की जवळजवळ सगळी बचत हिंजवडीच्या रस्त्यावरची आहे. हेच १४ हजार किलोमीटर आपण केवळ महामार्गावर चालवले असते, तर बचत वर्षाला २१-२२ हजारांवर आली असती आणि पैसे वसूल व्हायला अठरा-एकोणीस वर्षे लागली असती. उद्या कंपनीने आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायला सांगितले, तर हायब्रिडचा अर्धा हिशेब तिथेच कोलमडतो. माझ्या मते निव्वळ पैशांचा विचार केला तर हा व्यवहार जेमतेम बरोबरीचा आहे.

मोटारमित्र

वरील हिशेब पटण्यासारखा आहे. फक्त कोंडीत इतका मोठा फरक का पडतो, हे सांगितले नाही तर तो नुसता आकड्यांचा खेळ वाटेल. या गाडीत ॲटकिन्सन या इंधन वाचवणाऱ्या पद्धतीने चालणारे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि दोन विद्युत मोटारी आहेत. कमी वेगात इंजिनाचा चाकांशी थेट संबंधच नसतो. ते एका मोटारीकडून वीज तयार करून घेते आणि दुसरी मोटार चाके फिरवते. बॅटरीत पुरेशी वीज असेल तेव्हा इंजिन बंदच राहते. ब्रेक लावल्यावर एरवी उष्णता होऊन वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो, म्हणून दर पन्नास मीटरला थांबणाऱ्या रस्त्यावर ही रचना चमकते. महामार्गाच्या वेगाला एक क्लच इंजिनाला चाकांशी थेट जोडतो. तिथे ब्रेक क्वचितच लागतो आणि हवेचा रोध दोन्ही गाड्यांना सारखाच असतो, त्यामुळे दोन्हींच्या ॲव्हरेजमधला फरक कमी होतो.

कोंडीतही मे महिन्यात ॲव्हरेज घसरते. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गाडी गार राहते. मात्र बॅटरी लहान असल्याने काही मिनिटांत ती उतरते आणि ती भरण्यासाठी इंजिन सुरू होते. शोरूमच्या चाचणीफेरीत हे कळत नाही, कारण ती बहुधा मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटांत आटोपली जाते.

घाटाचा अनुभवही आधी घेऊन ठेवावा. खंबाटकी किंवा ताम्हिणी उतरताना बॅटरी लवकर भरते, जास्तीची वीज साठवायला जागा उरत नाही आणि गाडीचा वेग आवरण्यासाठी यंत्रणा ती वीज इंजिन फिरवण्यात खर्च करते. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन मोठ्याने गुरगुरते. तो बिघाड नव्हे, पण माहीत नसेल तर माणूस दचकतो.

घोडबंदरवासी

माझ्याकडे हीच हायब्रिड आहे आणि ठाण्यातल्या वाहतुकीत ती मला १९ ते २१ देते. तेव्हा वर धरलेला आकडा वास्तवाला धरून आहे. परंतु गाडी ही मुदत ठेव नव्हे. घोडबंदर रस्त्यावर तासभर अडकल्यावर इंजिनाची धडधड नाही, गिअर बदलल्याचे धक्के नाहीत आणि मागे बसलेल्या सासूबाईंना मळमळत नाही, याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

खटकणारी गोष्ट म्हणजे डिकी. साध्या सिटीत ५०६ लिटर जागा मिळते, हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे ती ३०६ वर आली आहे. एक मोठी बॅग आणि दोन पिशव्या ठेवल्या की डिकी भरली म्हणायची. सांगलीहून परतताना आईने दिलेले ज्वारीचे पोते, हळद, लोणच्याच्या बरण्या असा ऐवज येत असणारच; त्यासाठी मागच्या आसनावर एका माणसाची जागा द्यावी लागेल. चाचणीफेरीला जाताना घरातल्या रिकाम्या बॅगा सोबत न्या आणि प्रत्यक्ष ठेवून पाहा, विक्रेत्याला काय वाटेल याचा विचार करू नका.

कोथरूडकर

आपणा सर्वांचे आभार. डिकीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. बॅटरीविषयी मात्र धाकधूक आहे. शिवाय सरकारी सवलतींचा काही लाभ होतो का, आणि चार वर्षे वापरलेली हायब्रिड घेतल्यास हिशेब सुधारेल का?

हिशेबी माणूस

सवलतीची आशा धरू नका. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब असलेल्या या साध्या आणि हायब्रिड सेडानवर सारखाच ४० टक्के जीएसटी लागतो. त्याआधी हायब्रिडवर उपकरासह ४३ आणि साध्या सिटीवर ४५ टक्के कर होता, म्हणजे जो थोडा फायदा होता तोही संपला. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे केवळ मोटारीवरही चालू शकणाऱ्या, गाड्यांचे नोंदणी शुल्क माफ केले होते, तसे आपल्याकडे गृहीत धरू नये. अटल सेतू आणि द्रुतगती मार्गावरची टोलमाफी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आहे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीची किंमत २० लाखांच्या वर गेली की रस्ता कर १२ वरून १३ टक्के होतो, त्यामुळे हायब्रिडची किंमत त्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडते ते कोटेशनमध्ये तपासून घ्या.

मोटारमित्र

बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर वॉरंटी आहे. आपल्या वापरात किलोमीटरआधी वर्षे संपतील, आणि गंमत म्हणजे वरच्या हिशेबाप्रमाणे पैसे वसूल होण्याची वेळही साधारण तीच आहे. वॉरंटी संपली म्हणजे बॅटरी संपली असे मुळीच नाही. चार्जचे प्रमाण मधल्या टप्प्यात राखले जात असल्यामुळे अशा बॅटऱ्या बराच काळ टिकतात. परंतु नववे-दहावे वर्ष आपल्या जबाबदारीवर असेल, हे मनात धरावे.

आपल्या प्रश्नाला सर्वांत चांगले उत्तर मला जुन्या हायब्रिडमध्येच दिसते. ही गाडी मे २०२२ मध्ये बाजारात आली, त्यामुळे पहिल्या तुकडीतल्या गाड्या आता विक्रीला येऊ लागल्या आहेत आणि नव्या गाडीचा अधिकचा खर्च पहिल्या मालकाने सोसलेला असतो. अट इतकीच की अधिकृत केंद्रातल्या सर्व्हिसिंगच्या पूर्ण नोंदी असाव्यात, बॅटरीची तपासणी तिथेच करून घ्यावी आणि उरलेली वॉरंटी आपल्या नावे चालू राहील असे लेखी घ्यावे. पुरात उभी राहिलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. जाहिरातींत मारुती सियाझचेही ‘हायब्रिड’ म्हणून नाव दिसेल. ती माइल्ड हायब्रिड आहे, केवळ मोटारीवर चालत नाही, त्यामुळे तिच्याकडून कोंडीत अशा बचतीची अपेक्षा ठेवता येणार नाही.

घोडबंदरवासी

जुनी घ्यायची ठरल्यास चाचणीफेरी संध्याकाळी सहानंतर मागा आणि एसी लावून हिंजवडीकडून वाकडला या. मालक तयार नसेल तर दुसरी गाडी पाहा.