ताटातूट की विलगीकरण?

कृष्णाकाठी (सांगली): युद्धात घरदार सुटलेल्या लहान मुलांवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनला चालवलेल्या पाळणाघरांचा भाग आहे. त्यांना दिसलं ते असं, की बॉम्ब पडताना आई जवळ असलेली पोरं त्यामानाने निभावली, आणि सुरक्षित म्हणून आईपासून लांब नेलेली जास्त कोलमडली, शी-शू सांगायला लागलेली परत गादी ओली करायला लागली. यातल्या ‘सेपरेशन’ला मी ताटातूट लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘विलगीकरण’ केलं, ताटातूट म्हणे सिनेमातल्या जत्रेत होते. काय करू?

मिरजवाला: विलगीकरण म्हटलं की 2020 आठवतं, नको ते. वियोग लिहा.

कृष्णाकाठी: दोन वर्षांच्या पोराला वियोग? वियोगात माणूस कविता करतो हो दादा.

जुनी_वही: शास्त्रीय लेखात शास्त्रीय शब्दच हवा, विलगीकरण बरोबर आहे. बाकी ताटातूट म्हणजे एका ताटात जेवणाऱ्यांची तूट, आमचे आजोबा सांगायचे.

शाळू (तासगाव): ओ गुरुजी, ते जेवायचं ताट न्हवं, ज्वारीचं ताट. वारं सुटलं की ताटं मोडून पडत्यात, ती ताटातूट.

जुनी_वही: पुरावा?

शाळू: तुम्ही आजोबा दाखवा, मी रान दाखवतो.

पाटणची: आमचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. आजी यातला एकही शब्द वापरायची नाही, ‘पांगापांग झाली’ म्हणायची. कोण रायगडात, कोण सोलापुरात.

कृष्णाकाठी: ताई, शब्द भारी आहे, पण एकटं पोर कसं पांगेल?

मिरजवाला: 2019 च्या पुरात थोरली आमच्याबरोबर होती, तिनं सगळं बघितलं, गच्चीवरून बोटीत उतरली. धाकटा चार वर्षांचा, त्याला आधीच विट्याला मावशीकडं पाठवलेला. त्यानं पाण्याचा थेंब बघितला नाही आणि पुढं वर्षभर मी पायात चप्पल घातली की हाच रडायचा. बायको म्हणायची, ‘हात सुटलाय त्याचा.’

कृष्णाकाठी: हात सुटणं!! हे लंडनच्या पोरांचंच आहे की सगळं.

जुनी_वही: हात सुटणे म्हणजे मारायची सवय लागणे. वाचक गोंधळेल. शिवाय परिभाषेच्या तक्त्यात नाम लागतं.

पाटणची: तक्ता पोरासाठी का पोर तक्त्यासाठी?

जुनी_वही: बरं शाळूराव, तुमच्याकडं ज्वारीला धाट म्हणतात ना? मग धाटातूट का नाही झालं?

शाळू: थांबा, आईला विचारतो.

कृष्णाकाठी: मला संध्याकाळी फाईल द्यायचीय हो.

शाळू: आई म्हणतीय उभं आहे तोवर ताट, कापलं की धाट.

जुनी_वही: उलट असणार.