मॉरिशस : दक्षिण किनाऱ्याची अर्ध्या दिवसाची फेरी (सोसायटी ग्रुपवरून)

बी-402: जूनमध्ये मॉरिशस. हॉटेल पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाकला. ड्रायव्हर म्हणतो आधी ल मोर्न (नैर्ऋत्य टोकाचा डोंगर आणि किनारा), मग दक्षिण किनारा. चालेल?

ए-103: उलटं करायला सांगा, ताई. आतल्या रस्त्याने थेट दक्षिणेच्या सुयाक गावाला जायचं, तासभर लागतो, आणि किनाऱ्याने ल मोर्नकडे परतायचं. तिथेही गाड्या आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात. त्या दिशेने आलात की समुद्र डाव्या हाताला राहतो, थांबताना रस्ता ओलांडावा लागत नाही. रस्ता अरुंद आहे, बऱ्याच ठिकाणी फुटपाथ नाही. आजींना डावी खिडकी द्या.

सी-201: फोटोंसाठीही हेच बरं. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून जूनमध्ये सूर्य उत्तरेला असतो. सुयाकला समुद्राकडे तोंड केलं की ऊन पाठीशी.

बी-402: वेळा कशा धरू?

ए-103: साडेबाराला निघा. दीडला ग्रिस-ग्रिस, म्हणजे सुयाकचा कड्यांचा किनारा, तिथे तासभर. पुढे माकोंद, म्हणजे समुद्र बघायचा कडा, तिथे पंधरा मिनिटं. जिना छोटा पण उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी खालीच थांबावं. सव्वाचारपर्यंत ल मोर्नच्या किनाऱ्यावर. जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त, त्यामुळे सुयाकला रेंगाळलात की तोच हुकतो.

डी-504: ग्रिस-ग्रिसला पोहता येतं का?

सी-201: अजिबात नाही. बाकी बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, ती लाटा अडवते. इथे ती तुटलेली आहे, लाट थेट कड्यावर येते आणि परतताना ओढते. जूनमध्ये आग्नेय वारेही जोरात असतात. वाळूवर फिरा, पाण्यात पाय नको. पुढे चालत गेलं की ‘रडणारा खडक’ लागतो. लाट आपटून गेली की त्याच्यावरून पाणी ओघळतं. काळा खडक ओला असला की निसरडा. चपला नकोत.

डी-504: आणि तो समुद्रातला धबधबा? ल मोर्नला दिसतो ना?

सी-201: किनाऱ्यावरून नाही दिसत, काका. वाळू आणि गाळ उताराने खोल पाण्यात सरकतात, त्यामुळे होणारा तो भास आहे. हेलिकॉप्टरमधून दिसतो. ल मोर्नचा डोंगर मात्र 556 मीटरचा, पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. चढाई या फेरीत धरू नका, तिला वेगळी सकाळ लागते.

बी-402: शामारेलची सात रंगांची माती वाटेत होईल?

ए-103: वाटेत नाही, वर घाटात आहे. तिकीट वेगळं, वळणं भरपूर, मुलांना गाडी लागते. अर्ध्या दिवसात शामारेल किंवा ग्रिस-ग्रिस, एकच. आणि थांबे व तास आधीच लिहून घ्या. नाहीतर मधेच कपड्यांच्या किंवा जहाजांच्या मॉडेलच्या दुकानात अर्धा तास जातो. ड्रायव्हरला तिथे कमिशन असतं.

डी-504: गणपतीत गेलो तर?

ए-103: चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते, विसर्जनाला लोक समुद्रावर येतात. बघायला छान, पण त्या दिवशी ही फेरी ठेवू नका.

सी-201: खाण्याचं : गाडीवर डाळपुरी मिळते, शाकाहारी. जैन असाल तर सोबतच्या टोमॅटोच्या रस्स्यात कांदा-लसूण असतो, तो नको म्हणून सांगा.