पावडरच्या डब्याचा चिलखती टँकर करायलोय. बेस लावू का नको, आणि काळी माती कशी दाखवू?

परभणीकर_रोबो

राम राम मंडळी. आम्ही चार-पाच जण रविवारी गच्चीवरच्या खोलीत टेबलावर वॉरगेम खेळतो, २८ मिमीचे सैनिक, नियम थोडे वॉरहॅमर ४०,००० ह्या विकतच्या वॉरगेमवरून उचललेले आणि थोडे मनाचे. आता नवीन मोहीम लिहायलोय. ग्रह असा की पाऊस बंद झालाय, पाणी एकाच खोल बोअरला, तिथून चिलखती टँकर वस्तीपर्यंत न्यायचा आणि समोरच्यानं तो अडवायचा. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती तेव्हापासून हे डोक्यात आहे, रेल्वे टेबलावर मावत नाही म्हणून टँकर. विकतची किट परवडत नाही आणि परवडली तरी पाण्याचा टँकर कोण काढणार किटमध्ये, त्यांच्याकडं सगळे रणगाडेच.

आत्तापर्यंत टाकी म्हणून पावडरचा छोटा डबा आडवा घेतलाय, केबिन सनबोर्डची, सहा चाकं जत्रेतल्या खेळण्याच्या डंपरची. अडलंय असं की डब्याला काहीच धरेना, फेविक्विक लावलं तर वाळून पापुद्र्यासारखं निघतं. दुसरं, बेस, म्हणजे मॉडेलखालची चकती. आमच्यातला एक म्हणतो चाकाच्या गाडीला बेस नसतो, दुसरा म्हणतो बेसशिवाय ती खेळण्यासारखी दिसते, आणि दोघंबी हटेनात. तिसरं म्हणजे जमीन. व्हिडिओ बघावं तर सगळीकडं लाल मंगळ नाहीतर बर्फ. मला आपल्याकडची मे महिन्यातली भेगाळलेली काळी माती पाहिजे. भेगा पाडायच्या रंगाची बाटली मिळते पण लई महाग आहे. शेतातली खरी माती वापरली तर चालते का, का किडे-बिडे होतात?

जगात जर्मनी, भारतात परभणी, तर माती पण परभणीचीच पाहिजे 😄

खडीक्रशर

जालन्याहून राम राम. भौ, डब्याच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो तो बघ. २ असेल तर एचडीपीई, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, आणि ह्या दोन्हीला आपल्या घरातला कुठलाच गोंद धरत नाही, पॉलिश पेपरनं घासलं तर थोडं धरतं पण गाडी एकदा हातातून पडली की सगळं सुटतं. म्हणून डब्याला चिकटवायच्या नादाला लागूच नको, डब्याभोवती गुंडाळ. आधी जाड कागदाचा एक अख्खा वेढा मार, फेविकॉल फक्त कागदाच्या टोकाला कागदावरच. मग त्याच्यावर पातळ पट्ट्यांचे तीन-चार वेढे, प्रत्येक पट्टी स्वतःच्याच टोकावर चिकटवायची. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तसं, आवळून बसली की झालं, आतल्या प्लास्टिकला काही धरायची गरजच राहत नाही. आणि रंग कागदावर बसतो त्यामुळं नंतर सोलपटं निघायची भानगड नाही.

डबा चपटा अंडाकृती असेल तर बदलू नको बरं का. खऱ्या टँकरच्या टाक्याही बऱ्याचदा तशाच असतात, वजन खाली राहावं म्हणून. गोल नळकांडं लावलं तर गॅसचा टँकर वाटतो.

बाकी चिलखतासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातून केसिंग पट्टी आण, वायरिंगची असते ना पांढरी, ती. पीव्हीसी असते, कटरनं ओरखडा मारून मोडली की सरळ तुटते. आणि पीव्हीसीला पीव्हीसी जोडायला पाईपवाले वापरतात ते सोल्युशन वापर, फेविक्विक नको. सोल्युशन प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, फेविक्विक नुसतं मधे बसतं आणि झटका बसला की कडकन सुटतं. काडीच्या टोकानं लावायचं, ब्रश घातलास तर ब्रश गेला. तुझा सनबोर्ड पीव्हीसीचा असेल तर त्यालाही हेच, फक्त लई थोडं, नाहीतर कडा वितळतात. कागदाच्या थरात फोम असलेला बोर्ड असेल तर त्याला फेविकॉलच बरा. रिव्हेटला नेल आर्टचे अर्धे मोती. लोक मोहरी चिकटवतात पण पावसाळ्यात तिला बुरशी येते.

चाकं मोजलीस का? हे सैनिक खऱ्या माणसाच्या ५६ वा भाग धरतात साधारण. खऱ्या टँकरचं चाक मीटरभर उंच, म्हणजे १८ मिमी. २५ असली तरी चालेल, दुसऱ्या ग्रहावरचा आहे शेवटी, पण १२ ची असली तर टेम्पो दिसेल.

परभणीकर_रोबो

डब्याच्या बुडाला २ च निघाला!! चाकं २२ ची आहेत. आणि केसिंग पट्टी घरातच पडलीय, वायरमन ठेवून गेलेला.

रेझीनवाली

बेसबद्दल मी सांगते. (मी संभाजीनगरला असते, गुलमंडीच्या आसपास कुठलं सामान मिळतं ते वेगळं विचारा, त्याची यादी लांब आहे.)

नियमाचं बघायचं तर वॉरहॅमरच्या २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत मॉडेलला बेस असेल तर अंतर बेसपासून मोजतात आणि नसेल तर गाडीच्या अंगापासून. रणगाडे, ट्रक वगैरे बहुतेक बिनबेसचेच येतात, उडणाऱ्यांना पारदर्शक दांडीचा बेस, चालणाऱ्या यंत्रांना गोल. तुमचे नियम घरचे आहेत त्यामुळं कोणी अडवणार नाही, पण त्रास कुठं होतो ते आधी ऐका. तुमचा टँकर १३० मिमीच्या आसपास होणार, त्याला तयार अंडाकृती मापातला १७० बाय १०५ चा बेस लागेल, आणि एवढं मोठं ताट टेबलावर फिरवायचं म्हणजे ते दोन घरांच्या मधून जात नाही, टेकडीवर चढवलं की अर्धं अधांतरी. अडवणाऱ्यांची गाडी शेजारी येऊन भिडली असं दाखवायचं असेल तर मधे बोटभर बेसची कड येते. मला ते बघवत नाही.

पण तुमचा दुसरा मित्रही खोटा नाही. बिनबेसची चाकं टेबलावर टेकलेली दिसतात, रुतलेली दिसत नाहीत.

म्हणून दोन्ही करा. बेस वेगळा, गाडी वेगळी, मधे चुंबक. गाडीच्या पोटाखाली ५ बाय २ मिमीचे दोन निओडिमियम चुंबक एम-सीलमध्ये बसवायचे आणि बेसमध्ये त्याच्यासमोर साधे लोखंडी वॉशर. दोन्हीकडं चुंबक लावले की उत्तर-दक्षिण उलटं लागायची धाकधूक असते, वॉशरला ती कटकटच नाही. पोट आणि जमीन यात अंतर राहतं, तर वॉशरखाली एम-सीलचा उंचवटा करून तो दगडासारखा रंगवायचा. खेळताना गाडी उचलून टेबलावर, खेळ झाला की परत बेसवर आणि कपाटात. धक्का लागला तर बेसला लागतो, आसाला नाही.

बेस एमडीएफ किंवा पुठ्ठ्याचा करू नका, ओली माती एका बाजूनं लावली की वाळताना वाकतो. ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडून ३ मिमीची ॲक्रिलिक शीट लेझरनं अंडाकृती कापून घ्या. आणि हो, केसिंग पट्टी किंवा सनबोर्ड त्यांच्याकडं लेझरला नेऊ नका, पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो, मशीनही गंजतं, चांगला दुकानदार नाहीच म्हणणार. घासतानाही पाण्यात भिजवून घासा आणि मास्क लावा.

धसकट

मातीचं मला सांगू द्या, लातूरकडं तिच्यातच वाढलोय.

खरी माती चालते आणि बाटलीतल्या रंगापेक्षा चांगली चालते, कारण भेग पडायचं काम ती स्वतः करती. काळी माती म्हणजे बेसाल्ट खडक झिजून झालेली चिकणमाती, पाणी प्यायली की फुगती आणि वाळली की आकसती, म्हणून उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेच बेसवर होतं, फक्त थर पातळ असला की भेगा जवळजवळ आणि बारीक पडतात, थर जाड असला की लांब आणि रुंद. म्हणजे माप तुझ्या हातात आलं. थर दीड-दोन मिमीच्या पुढं नेऊ नको, नाहीतर ५६ च्या हिशोबात भेग लई रुंद वाटायला लागती.

ढेकळं कुटून जुन्या चहाच्या गाळणीतून चाळ, मंग लोखंडी तव्यावर चांगली भाज, किडे आणि तणाचं बी दोन्ही जातं. (तवा घरातला नको घेऊ, माय ओरडल.) ॲक्रिलिक पॉलिश पेपरनं खरखरीत कर, त्याच्यावर फेविकॉलचा हात दे, तो चिकट असतानाच मातीचा काला पसर. काल्यात फेविकॉल टाकू नको म्हणजे नकोच, टाकला की माती रबरासारखी होती आणि भेगच पडत नाही. सावलीत वाळू दे, उन्हात ठेवली की ढलप्यांच्या कडा वर उचलतात.

आता मेन गोष्ट. माती ओलीये तवाच गाडी तिच्यावर चालवून घे. चाकांना थोडं खोबरेल तेल लाव, हातानं दाब देत पुढं ने, जिथं उभी करायची तिथं थोडी जास्त दाब आणि सरळ वर उचल. चाकोरी उमटती, नक्षी उमटती, आणि ताईनी सांगितलेल्या चुंबकावर गाडी परत ठेवली की चाक आपल्याच खड्ड्यात बसतं, हलत नाही. नंतर तेल साबणानं धुऊन काढ, नाहीतर चाकावर रंग धरणार नाही.

बाजूला रिकामं रान दिसलं पाहिजे तर केरसुणीच्या काड्या तीन-तीन मिमीच्या कापून ओळीत खोच, झाली ज्वारीची धसकटं. वाळलेलं गवत सुतळीचे धागे पिंजून. पक्कं करायला शेवटी फेविकॉल पाणी घालून पातळ करायचा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि ड्रॉपरनं सोडायचा.

खडीक्रशर

बाकी सगळं मान्य धसकटराव, पण शेवटचं नाही. वाळलेल्या काळ्या मातीवर पाणी सोडलं की ती परत फुगणार, तुम्हीच तर वर सांगितलंत. भेगा मिटतात आणि चाकोरीची नक्षी गेली. तुमच्याकडं चालत असेल तर तुमच्या मातीत वाळू जास्त असेल. आधी मॅट व्हार्निशचा स्प्रे लांबून, हलके दोन-तीन हात, त्यात पाणी नसतं. ते कडक झालं की मग हवं तर पातळ फेविकॉल.

धसकट

आमच्या बांधाला मुरूम लागतो, त्यामुळं वाळू असंल बी. बरं, परभणीची माती गोदाकाठची भारी, तिला स्प्रेच कर भौ.

रेझीनवाली

व्हार्निशनं माती गडद होते ते लक्षात ठेवा. वाळलेली काळी माती काळी नसतेच, नीट बघा, राखाडी-तपकिरी असते, ओली झाली की काळी. म्हणून व्हार्निशनंतर कोरड्या ब्रशनं राखाडीत थोडा बदामी रंग घालून ढलप्यांच्या वरच्या बाजूवर फिरवा, भेगा गडदच राहू द्या. तोच रंग टँकरच्या चाकांवर, मडगार्डच्या आत आणि खालच्या तिसऱ्या भागावर. गाडीवरची धूळ आणि बेसची माती वेगळ्या रंगाची असली की कितीही मेहनत घ्या, गाडी दुसरीकडून आणून ठेवल्यासारखी दिसते.

आणि टँकर आहे तर व्हॉल्व्ह सोडू नका!! खऱ्या टँकरच्या मागं जाऊन उभे राहा एकदा. बोअरचं पाणी जड असतं, व्हॉल्व्हच्या नटाभोवती क्षाराचा पांढरट, दाणेदार थर धरलेला असतो, तिथून खाली पांढरा ओघळ, त्याच्या दोन्ही कडांना गंजाची बारीक नारिंगी रेघ. खडूची पूड पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये कालवून सुईच्या टोकानं लावली की तो दाणेदारपणा येतो. त्याच्या बरोबर खाली बेसवर एक रुपयाएवढा डाग गडद काळा, वर ट्रान्सपरंट नेलपॉलिशचा हात, आणि त्या डागात भेगा नकोत, तिथली माती ओली आहे ना. त्यासाठी तेवढ्या भागात काल्यात फेविकॉल घाला, धसकट यांनी जे करू नका म्हणलंय तेच इथं करायचं.

गच्चीवरचा_प्रायमर

सगळ्यांनी रंगाचं सांगितलं, प्रायमरचं कुणीच नाही. मी नांदेडला गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा स्प्रे वापरतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत मारा, दुपारी मारला तर रंग हवेतच वाळतो आणि मॉडेलवर भुकटी बसते, हात फिरवला तर पॉलिश पेपर. वारा असेल तर खोक्यात ठेवून मारा. थर्माकोल कुठं वापरला असेल तर त्याच्यावर आधी फेविकॉलचा थर द्या, नाहीतर स्प्रे त्याला खाऊन टाकतो. आणि स्प्रेचा डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका उन्हाळ्यात, ५० अंशांच्या वर ठेवायचा नाही असं डब्यावरच लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडं बाहेर ४३ असताना डिकीत किती होत असेल बघा.

परभणीकर_रोबो

लई भारी. कागदाचा वेढा मारून झाला, पट्ट्या बी बसल्या, डबा हलवला तरी काही सुटेना. बेस ॲक्रिलिकचा सांगून आलो, दुकानदार विचारत होता कुणाची नेमप्लेट आहे.

एकच राहिलं. टाकीला गोळी लागली तर पाणी गळतंय हे खेळात कसं दाखवावं? प्रत्येक वेळी कागदावर लिहायचं म्हणलं की मधेच भांडणं होतात, मागच्या खेपेला अर्धा तास त्याच्यातच गेला.

खडीक्रशर

टाकीच्या झाकणावर फासा बसेल एवढा चौकोनी खळगा ठेव केसिंग पट्टीचा. साधा सहाचा फासा. सुरुवातीला ६, म्हणजे टाकी भरलेली. पहिलं भोक पडलं की दर फेरीला एक कमी, दुसरं भोक पडलं तर दोन. गाडी एक फेरी थांबवून सैनिक खाली उतरवला तर एक भोक बुजवता येतं. वस्तीत पोचेल तेव्हा फाशावर जेवढं तेवढे गुण, आणि ० झालं तर टँकर पोचून बी हरला.

धसकट

अडवणाऱ्यांना पण पाणीच पाहिजे असंल की रे, मंग ते टाकीवर गोळी कशाला मारतील? त्यांना चाकं फोडायला लाव. टाकी फुटली तर दोघांचे बी गुण कमी.

परभणीकर_रोबो

हे ऐकवलं पोरांना. आता टँकर कोण चालवणार ह्याच्यावरून सुरू झालंय, मी आपला माती चाळायला चाललो.