मदत हवी आहे: लुओ हान ग्वो उकळतोय, गोडी येतच नाही

पाहुणा_ग्वांगचौ: घसा पार बसलाय आणि उद्या दुपारी प्रेझेंटेशन आहे. घरमालकीणबाईंनी ही लुओ हान ग्वोची तपकिरी वाळकी फळं दिली, पाण्यात उकळून प्यायची म्हणाल्या. अर्धा तास झाला, रंग जेमतेम, चव शून्य. जुनी आहेत का? लवकर सांगा.

सुगरण_आत्या: किती फळं, किती पाणी? ताप आहे का?

पाहुणा_ग्वांगचौ: दोन. मोठं पातेलं. ताप नाही.

खडीसाखर: कशाला ही परदेशी थेरं! ज्येष्ठमधाची कांडी चघळा.

चहाबाज: ज्येष्ठमध चीनमध्येही ढिगानं मिळतं. त्यांनी ते विचारलंय का? आणि बीपीवाल्यांनी तर जपूनच.

मधुमेही_नाना: हेच ना ते मंक फ्रूट? साखरेच्या 250 पट गोड? पुण्यात पावडर कुठे मिळेल?

चहाबाज: नाना, इतका गोडवा त्यातल्या मोग्रोसाइड या गोड घटकाच्या अर्काचा. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, पुष्कळदा एरिथ्रिटॉल हा दुसराच गोड पदार्थ जास्त असतो. आणि अख्ख्या फळात थोडी साखर असतेच हं.

गच्चीवरची_बाग: काकडी-कारल्याच्या कुळातला वेल आहे हा. चीनच्या ग्वांगशी प्रदेशात, ग्वेलिन शहराच्या बाजूला लागवड होते. आपल्या कर्टोलीसारखेच नर-मादी वेल वेगळे, म्हणून तिथले शेतकरी फुलांना हातानं पराग लावतात.

खडीसाखर: कर्टोली नाही, कंटोली.

गच्चीवरची_बाग: आमच्याकडे कर्टोलीच म्हणतात.

सुगरण_आत्या: अहो पाहुणे, फळ फोडलंत का?

पाहुणा_ग्वांगचौ: फोडायचं असतं?? अख्खीच टाकलीत. चेंडूसारखी तरंगतायत.

चहाबाज: 😂

सुगरण_आत्या: काढा बाहेर. गार झाली की अंगठ्यानं दाबा, अंड्याच्या कवचासारखं तडकेल. टरफल, गर, बिया सगळंच पाण्यात. लिटर-दीड लिटरला एक फळ पुरे, मंद आचेवर ठेवा. साखर अजिबात घालू नका.

पाहुणा_ग्वांगचौ: फोडली. आत काळपट, स्पंजासारखा गर, चपट्या बिया. दहा मिनिटांत कोऱ्या चहाचा रंग! वास जळक्या गुळाचा. पण गोड म्हणजे किती, गिळून झालं तरी जिभेवरून जाईना. आवाज मात्र अजून बेडकाचाच.

सुगरण_आत्या: दोन्ही फोडलीत ना? एक म्हटलं होतं मी. आता पाणी वाढवा. आणि आज रात्री फोनवर बोलू नका कुणाशी.

मधुमेही_नाना: पुण्याचं कुणी सांगतंय का?